धडे तेच, क्रम ऋतूंचा: सहावी ते आठवीला माती, आकाश आणि परिसंस्था शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

सहावी ते आठवीचे वर्ग पहिल्यांदाच हाती येतात, तेव्हा टेबलावर दोन पुस्तकं असतात. खडक, ऋतू, सूर्य-चंद्र-पृथ्वी भूगोलात आणि परिसंस्था, तारे सामान्य विज्ञानात. पुष्कळ शाळांत हे दोन विषय दोन वेगळ्या शिक्षकांकडे असतात. धडे ओळीने घेत गेलं की अनेकदा असं होतं: चंद्राच्या कला शिकवायच्या त्या महिन्यात आभाळ गच्च भरलेलं, आणि परिसंस्थेचा धडा येतो तेव्हा मैदानावर हिरवी काडी उरलेली नसते. मग फळ्यावर आकृती काढायची, व्याख्या लिहून द्यायची आणि पुढे जायचं. ज्या विषयाचं सगळं साहित्य खिडकीबाहेर फुकट मिळतं, तो असा वाया जाताना बघवत नाही.

म्हणून एकच गोष्ट आग्रहाने सांगेन. धडे तेच ठेवा, क्रम ऋतूंचा घ्या. पावसाळ्यात जमीन आणि सजीव, दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत आकाश, आणि कोरड्या उन्हाळ्यात दगड.

शाळा सुरू होण्याआधी

भिंतीवरची साधी दिनदर्शिका घ्या आणि तिच्यावर खुणा करा: प्रत्येक पौर्णिमा, तिच्यानंतरचे आठ-नऊ दिवस, सगळ्या संकष्ट्या, २२ डिसेंबर आणि २१ मार्च. मग दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांबरोबर बसून घटक चाचणीला आणि सत्र परीक्षेला कोणते धडे आहेत ते बघा. जे धडे परीक्षेमुळे हलवता येत नाहीत, ते जागेवर राहू द्या. बाकीच्यांचा बदललेला क्रम वार्षिक नियोजनातच लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या. वर्षाच्या मध्यात कुणी विचारलं तर कागद तयार असतो.

प्रत्येक मुलाला एक निरीक्षण वही लागेल. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं आणि चित्र, एवढंच तिच्यात लिहायचं. वहीचा नियम एकच: आधी बघायचं, नाव नंतर. ‘हे कोणतं झाड?’ याचं उत्तर तुम्ही लगेच दिलंत की मूल बघायचं थांबतं. पान समोरासमोर आहे की एकाआड एक, तोडलं तर चीक येतो का, त्यावर कोण बसलंय, हे लिहून झाल्यावर नाव सांगा. मग ते विसरत नाहीत.

जून-जुलै: पाऊस आणि माती

पहिल्याच आठवड्यात पर्जन्यमापक करा. सरळ कडेची प्लास्टिकची बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यात बसवा, तळाचा खोलगट भाग खडे आणि पाण्याने सपाट करून तिथे शून्याची खूण करा आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवा. जागा मोकळी हवी, झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नको. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. तुम्हीही शक्यतो तीच वेळ धरा.

आकडे गोळा झाले की त्यांना अर्थ द्या. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लीटर पाणी. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटरचं असेल आणि १० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावरून १,००० लीटर पाणी वाहून गेलं. हा हिशेब मुलं स्वतः करतात तेव्हा वर्गात गलका होतो, तो होऊ द्या. बातम्यांत ऐकू येणारी ‘अतिवृष्टी’ म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस, हेही याच वेळी सांगा. शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना त्या आकड्याचं महत्त्व तुमच्याहून जास्त माहीत असेल. त्यांना बोलू द्या.

मातीसाठी दोन प्रयोग पुरेसे आहेत. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात आणि चिकणमातीमुळे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असतं. दुसरा प्रयोग: काळ्या मातीची आणि मुरमाड किंवा तांबड्या मातीची सारख्या आकाराची थापटी करून वाळवायची आणि भेगा मोजायच्या. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी धरून ठेवणारी असते. कोकणातल्या शाळेत काळी माती मिळणार नाही. तिथे जांभ्याची माती घ्या आणि घाटावरच्या एखाद्या शाळेकडून डबाभर काळी माती मागवा.

ऑगस्ट-सप्टेंबर: एक झुडूप, सगळी परिसंस्था

परिसंस्था शिकवताना वाघ, सिंह, हरिण यांच्यापासून सुरुवात करू नका. मुलांनी ते बघितलेले नसतात. रुईपासून करा.

मारुतीला शनिवारी ज्या पानांची माळ घालतात ती रुई रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, शाळेच्या कुंपणालगत जवळजवळ सगळीकडे असते. पाच-सहा मुलांच्या गटाला एक झुडूप नेमून द्या आणि दर आठवड्याला त्याच झुडपाकडे न्या. शोधलं तर बहुधा हे सापडेल: कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा, माव्याच्या अंगातून येणारा गोड रस प्यायला आलेल्या मुंग्या, मावा खाणारे ठिपक्यांचे लाल भुंगेरे, पानं कुरतडणारी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, फुलांवर मोठ्याने गुणगुणणारा काळा सुतार भुंगा, आणि फांदीच्या बेचक्यात जाळं विणून बसलेला कोळी. त्या अळीचंच पुढे केशरी पंखांचं फुलपाखरू होतं. रुईचा विषारी चीक पचवून ते स्वतः कडवट बनलेलं असतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. उत्पादक, भक्षक, परागीभवन, सहजीवन, संरक्षण, धड्यातल्या सगळ्या संज्ञा तुमच्या हाताच्या अंतरावर असतात.

पण आधी सुरक्षिततेचं बोला. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. पान तोडायचं नाही, फांदी वाकवायची नाही, परतल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्यांना हात लावायचा नाही. पावसाळ्यात दगड हाताने उचलायचे नाहीत. काठीने आणि आपल्यापासून दूरच्या बाजूने उलटायचे, खाली विंचू किंवा साप असू शकतो. बघून झालं की दगड होता तसा ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी घर आहे. ही वाक्यं बाहेर पडताना दर वेळी म्हणून घ्या.

तीन-चार आठवड्यांच्या नोंदी झाल्या की फळ्यावर अन्नजाळं काढा, पण फक्त वहीत आलेल्या प्राण्यांचं. इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक मूल करतं. ‘बेडूक नाकतोड्याला खातो’ म्हणून बाण बेडकाकडून नाकतोड्याकडे काढतं. बाणाचं टोक खाणाऱ्याकडे असतं, कारण बाण ऊर्जा कुठे गेली ते दाखवतो. नुसतं बरोबर करून देऊ नका. ‘जेवण कुणाच्या पोटात गेलं?’ एवढंच विचारा, बाण आपोआप वळतो. मग पुढचा प्रश्न: कुणी औषध फवारून मावा मारला तर आधी कोण उपाशी राहील? भुंगेऱ्यांपर्यंत सगळे पोचतात. मुंग्यांपर्यंत एखादीच पोचते. थांबा, तिला सांगू द्या.

जोडीला सुतळीचा १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन मैदानाच्या कोपऱ्यात आखा आणि त्यातल्या वनस्पती मोजा. टाकळा बहुतेक ठिकाणी असेल. गाजर गवत असेल तर ते अमेरिका खंडातून आलेलं तण आहे आणि १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, हे सांगता येईल. त्याच्या पानांवर करडे, काळ्या वळणदार रेघांचे भुंगेरे दिसले तर मुलं नशीबवान: या तणाला आवर घालण्यासाठी मुद्दाम आणून सोडलेले ते मेक्सिकन भुंगेरे. गाजर गवताने अंगाला खाज सुटते, म्हणून ते उपटायला मुलांना लावू नका.

कुजण्याचा प्रयोग सोपा आहे. कांद्याच्या जाळीदार पिशवीत आंब्याची पानं, केळीची साल आणि बिस्किटाचं वेष्टन घालून ऑगस्टमध्ये पुरा, दिवाळीच्या सुट्टीनंतर उकरा.

ऑक्टोबरपासून: आधी चंद्र

आकाशाची सुरुवात ताऱ्यांनी किंवा ग्रहमालेच्या तक्त्याने नको, चंद्राने करा. आणि रात्री नव्हे, दिवसा.

पौर्णिमेनंतर साधारण वद्य चतुर्थी ते नवमी या दिवसांत सकाळच्या परिपाठाच्या वेळी चंद्र पश्चिमेकडच्या आभाळात दिसतो. शाळा दुपारची असेल तर शुद्ध अष्टमी ते एकादशी हे दिवस घ्या; तेव्हा तो शाळा सुटायच्या सुमारास पूर्वेकडे असतो. दिवसा चंद्र दिसतो हेच काही मुलांना पहिल्यांदा कळतं.

आता प्रत्येक गटाला एक छोटा पांढरा चेंडू काठीच्या टोकाला लावून द्या. उन्हात उभं राहून, हात लांब करून, चेंडू आकाशातल्या चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरायला सांगा. चेंडूचा जेवढा भाग आणि ज्या बाजूने उजळलेला दिसतो, तेवढाच आणि त्याच बाजूने चंद्रही उजळलेला दिसतो. चंद्रकोर असली तर चेंडूवरही कोर. सूर्याकडे मात्र एक क्षणही बघायचं नाही, हे चेंडू वाटण्याआधी दोनदा बजावा.

हा दोन मिनिटांचा प्रयोग एक घट्ट बसलेला गैरसमज उखडतो. ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी-जास्त दिसतो’ असं मुलंच काय, मोठी माणसंही म्हणतात. चेंडू धरलेल्या मुलाला विचारा, या चेंडूवर पृथ्वीची सावली पडली आहे का? नाही. मग त्याचा अर्धा भाग काळा का? कारण ऊन एका बाजूने येतंय. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. आणि चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. अंधाऱ्या खोलीत बल्ब आणि चेंडू घेऊन करायचा नेहमीचा प्रयोग यानंतर करा.

घरच्या अभ्यासाला संकष्टी आहे. त्या रात्रीची चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत छापलेली असते आणि उपास सोडायला घरातलं कुणी ना कुणी खिडकीशी येऊन बघत असतं. संकष्टीला आणि पुढच्या दोन रात्री, एकाच जागी उभं राहून, चंद्र समोरच्या इमारतीच्या किंवा डोंगराच्या वर कधी आला ते लिहायचं. रोज सरासरी ५० मिनिटांचा उशीर वहीत दिसतो. दुसऱ्या रात्री चंद्र उशिरा येतो म्हणून मूल झोपी गेलं, तर आजी-आजोबांनी बघून सांगितलेली वेळही चालेल; तसं वहीत लिहावं.

एक विनंती. बीज-तीजेची कोर आपल्या अक्षांशावरून बऱ्याचदा आडवी पडलेली दिसते, विशेषतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. पुस्तकातल्या आकृतीत ती उभी असते. ज्या मुलाने आडवी काढली असेल त्याने खरंच बघितलेलं आहे. त्याचे गुण कापू नका.

सावली

१ मीटरची सरळ काठी, ती उभी आहे का ते बघायला गवंड्याचा ओळंबा, खडू आणि घड्याळ. पावणेबारापासून सव्वापर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. सगळ्यात आखूड सावली बारा वाजता पडेल अशी मुलांची खात्री असते. ती तशी पडत नाही. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि एका रेखांशाला ४ मिनिटं लागतात. त्यामुळे पुण्याची मध्यान्ह सरासरी १२:३५ ला, मुंबईची १२:३९ ला, नागपूरची १२:१४ ला. तीही वर्षभर सरकते: पुण्यात ऑक्टोबरअखेर १२:१८ च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९ च्या सुमारास. स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा धडा याच दिवशी उघडा, आधी नको.

दर महिन्याला एकदा मध्यान्हीची सावली मोजत राहा. पुण्याच्या अक्षांशावर १ मीटर काठीची सावली २२ डिसेंबरला साधारण ९० सेंटिमीटर आणि २१ मार्चला साधारण ३३ सेंटिमीटर भरते. ऋतू कशामुळे होतात, याचा पुरावा या दोन आकड्यांत आहे. ‘पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा’ असं म्हणणाऱ्यांना सांगा, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, आणि तेव्हा आपण स्वेटर घालून शाळेत येतो.

उत्साह असेल तर दुसऱ्या गावातल्या शाळेला सोबत घ्या. कोल्हापूर आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत आणि त्यांच्या अक्षांशांत ३.३ अंशांचा फरक आहे. दोन्हीकडे एकाच दिवशी मध्यान्हीची सावली मोजून सूर्यकिरणांचा कोन काढायचा. दोन गावांतलं सरळ अंतर नकाशावरून घ्यायचं, सुमारे ३६५ किलोमीटर. रस्त्याचं अंतर चालणार नाही. ३६० ला दोन कोनांतल्या फरकाने, म्हणजे ३.३ ने, भागून ३६५ ने गुणलं की पृथ्वीचा परीघ जवळपास ४०,००० किलोमीटर येतो. मात्र मोजण्यात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी उत्तर कित्येक हजार किलोमीटरने हलतं. ते मुलांपासून लपवू नका; मोजमापात चूक किती असू शकते याचा विचार करायला याहून चांगली जागा नाही.

तारे

जानेवारीत एखादी संध्याकाळ, अमावास्येच्या आसपास, साडेसात ते साडेआठ. पालकांची लेखी संमती घ्या, दोन-तीन पालकांना सोबत बोलवा, टॉर्चवर लाल जिलेटीन कागद बांधा. मृग नक्षत्र पूर्वेला चांगलं वर आलेलं असतं. मधले ओळीतले तीन तारे म्हणजे बाण. ती रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. मृगातल्या काक्षी (बीटलज्यूस) या ताऱ्याचा तांबूस आणि राजन्य (रायगेल) या ताऱ्याचा निळसर पांढरा रंग साध्या डोळ्यांनी वेगळा दिसतो. तांबूस तारा तुलनेने थंड, निळसर जास्त तप्त. व्याध ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे. आज दिसणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा बारा वर्षांचं मूल तीन-साडेतीन वर्षांचं होतं.

मग त्यांना एक कोडं घाला. घरी ‘मृग लागला’ असं ७-८ जूनला म्हणतात, मग मृग जानेवारीत कसा दिसतो? उत्तर असं, की जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून तेव्हा तो रात्री दिसूच शकत नाही. शेतकऱ्याचं पंचांग आणि खगोलशास्त्र एकाच आभाळाबद्दल बोलतात, हे मुलांना इथे कळतं.

थर्माकोलची ग्रहमाला करायला लावू नका, अशी माझी कळकळीची सूचना आहे. तिच्यातली सगळी अंतरं चुकीची असतात आणि तीच डोक्यात बसतात. त्याऐवजी २२ सेंटिमीटरचा फुटबॉल म्हणजे पृथ्वी धरा. चंद्र ६ सेंटिमीटरचा चेंडू. तो किती लांब धरायचा ते आधी मुलांना विचारा. बहुतेक जण हातभर अंतरावर धरतात. खरं अंतर पृथ्वीच्या तीस व्यासांएवढं, म्हणजे इथे साडेसहा मीटरच्या थोडं वर. सूर्य २४ मीटर रुंद आणि शाळेपासून अडीच किलोमीटरच्या पुढे. तिथे कोणती वाडी किंवा चौक येतो ते मुलांना शोधू द्या.

सहल काढायची असेल तर मुंबईत वरळीचं नेहरू तारांगण आहे. जुन्नर-नारायणगावच्या बाजूला खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी कार्यक्रम असतो. आधी चौकशी करून जा.

मार्च-एप्रिल: दगड

खडकांचे प्रकार मुलांच्या घरातच आहेत. पाटा-वरवंटा आणि जातं बहुधा काळ्या दगडाचं, म्हणजे बेसॉल्ट: अग्निजन्य. जमिनीवरची शहाबादी फरशी चुनखडकाची: स्तरित. देवघरातला संगमरवर चुनखडक उष्णतेने आणि दाबाने बदलून झालेला: रूपांतरित. फरशीच्या आणि संगमरवराच्या फुटक्या तुकड्यांची थोडी पूड काढून तिच्यावर लिंबाचा रस टाका, बुडबुडे येतात. बेसॉल्टच्या पुडीवर सहसा येत नाहीत.

बाहेर मात्र देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या मुलांना बेसॉल्टच दिसेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरत गेला. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे हे ते थर. मुलं शेतातून वेचतात त्या गारगोट्या या थरांतल्या पोकळ्यांमध्ये तयार झाल्या. अजिंठा-वेरूळ याच दगडात कोरलेली आहेत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे लाव्हा थंड होताना झालेले उभे खांब, निघोजचे रांजणखळगे कुकडीच्या प्रवाहाने कोरलेले, आणि लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर उल्काघाताने याच खडकात झालेलं. चंद्रपूरला कोळसा आहे, कोकणात जांभा. तुमच्या जिल्ह्यात जे आहे तेच आधी घ्या.

काळ दाखवायला ४६ मीटर सुतळी पुरते. १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं. पृथ्वीचा जन्म एका टोकाला, आज दुसऱ्या टोकाला. आजच्या टोकापासून साधारण ३५ मीटरवर सजीवांच्या सुरुवातीच्या खुणा, २.३ मीटरवर पहिले डायनोसॉर, ६६ सेंटिमीटरवर आपला काळा दगड, आणि माणूस शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये. सुतळी मैदानात मुलांनीच धरायची.

भूकंपाचा धडा लातूर-धाराशिव भागात शिकवत असाल तर जपून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप तिथल्या घरांनी सोसलेला आहे. घरच्यांना विचारून लिहा, असं सांगण्याआधी कुणाच्या घरात काय झालं होतं ते हलक्याने जाणून घ्या.

मे: सुट्टीत न्यायचं काम

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो दिवस, वर्षातून दोनदा येतो. जुलै-ऑगस्टमधला ढगांत जातो आणि मेमधला सुट्टीत. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाच्या वहीत तारखा लिहून द्या: कोल्हापूर ६-७ मे, पुणे १३-१४ मे, मुंबई १५-१६ मे, नाशिक २० मे, नागपूर २६ मे, एखाद्या दिवसाच्या फरकाने. मामाच्या गावाला जाणाऱ्यांना त्या गावाचा अक्षांश काढून तारीख शोधायला लावा. जितकं उत्तरेला, तितकी उशिरा. वेळ पुणे-मुंबईकडे साडेबारा ते बारा पस्तीसच्या आसपास, नागपूरला बारा दहाला. सपाट जमिनीवर सरळ उभा ठेवलेला डबा, पाइपचा तुकडा किंवा ग्लास चालेल. पंधरा मिनिटं आधीपासून सावलीभोवती खडूने रेघ ओढत राहायचं, डोक्यावर टोपी घालायची, वर सूर्याकडे बघायचं नाही, आणि सावली पूर्ण नाहीशी झाली ती वेळ गावाच्या नावासह वहीत लिहायची.